रात्र थोडी, सोंगे फार

दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर शिबिरांच्या सूचना लागू लागतात. कोणी खेड्यात बंधारा घालायला जातो, कोणी झाडे लावायला, कोणी गड झाडायला. यंदा या यादीत एका नव्या सूचनेची भर पडली. शनिवारी दुपारी अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावरून होडीने खांदेरीला जायचे, रात्री बेटावरच मुक्काम करायचा, रविवारी सकाळी किल्ल्यात श्रमदान करायचे आणि संध्याकाळपर्यंत परतायचे, अशी ही कल्पना. जुने दीपगृह, शिवकालीन तट, चहूकडे समुद्र आणि वर चांदणे! कल्पना ऐकताच जागांपेक्षा नावे जास्त झाली, यात नवल नाही.

माझा या कल्पनेला विरोध नाही. पण ज्या रूपात ती मांडली गेली आहे, त्या रूपात माझा पाठिंबाही नाही. एका रात्रीचा मुक्काम बेटासाठी आहे की आपल्यासाठी, हा प्रश्न कोणी विचारलेला नाही, आणि तो विचारल्याशिवाय होडीत पाऊल टाकू नये असे मला वाटते. आपल्यासाठी असेल तर त्याला सहल म्हणावे. सहल ही काही वाईट गोष्ट नाही. बेटासाठी असेल तर मात्र एका रात्रीने काहीही होणार नाही. खांदेरीसारख्या जागेला पाहुणे पुष्कळ मिळतात. तिला हवा असतो तो पाळीने येणारा माणूस. या लेखात मला एवढेच सांगायचे आहे. मात्र ते सांगण्यासाठी आधी खांदेरी म्हणजे काय हे थोडे पाहिले पाहिजे.

थळच्या किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटर आत, मुंबई बंदराच्या तोंडाशी हे बेट आहे. दोन टेकड्या, मधे सखल जागा, भोवती तटबंदी आणि बुरूज. शेजारी किनाऱ्याच्या बाजूला उंदेरी. मुंबईत शिरणाऱ्या जहाजावर नजर ठेवायची तर याहून चांगली जागा नाही, हे शिवाजी महाराजांनी ओळखले होते. १६७९ साली पावसाळ्याच्या अखेरीस महाराजांची माणसे या बेटावर उतरली आणि त्यांनी बांधकामाला हात घातला. त्यांचा प्रमुख होता मायनाक भंडारी. मुंबईच्या इंग्रजांना याचा अर्थ ताबडतोब कळला. सप्टेंबरपासून त्यांच्या नौका बेटाभोवती येऊन राहिल्या. उपाशी ठेवले, बाहेरून काही मिळू दिले नाही, तर मराठे आपोआप बेट सोडतील, असा त्यांचा हिशेब होता.

तो चुकला, आणि का चुकला हे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजी नौकांवर हल्ला केला आणि 'डव्ह' नावाची नौका पकडली, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात येते. लढाई असल्यामुळे ती आपल्या लक्षातही राहते. पण बेट टिकले ते केवळ त्या एका सकाळच्या लढाईमुळे नव्हे. अंधार पडला की किनाऱ्यावरून लहान लहान होड्या सुटत, उथळ पाण्यातून वाट काढीत, मोठ्या जहाजांना चुकवून धान्य, माणसे आणि सामान बेटावर पोचवीत आणि परतत. आज एक होडी गेली म्हणून उद्याची थांबत नव्हती. पुढे सिद्दी इंग्रजांच्या मदतीला आला, त्याने शेजारच्या उंदेरीवर तळ ठोकला, तरी खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. कान्होजी आंग्र्यांच्या काळात, १७१८ साली, मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने पुन्हा तिच्यावर मोठी स्वारी केली, तीही फसली. त्या वल्हवणाऱ्या हातांची नावे आज कोणालाही ठाऊक नाहीत. खांदेरीच्या इतिहासातला 'रात्रीचा प्रवास' म्हणतात तो हा. तो मुक्कामाचा नव्हता, खेपांचा होता.

पुढे किल्ला इंग्रजांकडे गेला आणि १८६७ साली त्यांनी दक्षिणेकडच्या उंच टेकडीवर दीपगृह बांधले. ज्या बेटाने मुंबईच्या जहाजांना धाक दाखवला होता, त्याच बेटावरून त्यांना वाट दाखवली जाऊ लागली. बेटाला आणि दीपगृहाला १९९८ साली कान्होजी आंग्र्यांचे नाव देण्यात आले. इतिहास असे सूड उगवतो आणि अशी भरपाईही करतो!

दीपगृह म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच मनोरा आणि फिरणारा झोत येतो. काव्यात, भाषणात, निरोपसमारंभात दीपगृहाची उपमा इतकी वापरली गेली आहे की मूळ वस्तूकडे कोणी पाहतच नाही. मूळ वस्तू म्हणजे काम आहे, आणि तेही कंटाळवाणे काम. जुन्या काळी तेलाचा दिवा असे. त्याची वात कापायची, तेल भरायचे, काजळी पुसायची. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने काचेच्या कड्यांचे जे भिंग तयार केले, ते १८२३ साली फ्रान्समधल्या कॉर्दुआन दीपगृहात प्रथम बसले. त्या भिंगाने दिव्याचा उजेड कितीतरी लांब जाऊ लागला. पण प्रत्येक काच रोज स्वच्छ ठेवायची जबाबदारीही वाढली. भिंग फिरवण्यासाठी घड्याळासारखे यंत्र असे, त्याला वजने टांगलेली असत आणि ती वजने रात्रीतून पुन्हा पुन्हा हाताने वर ओढून घ्यावी लागत. दिवा किती वाजता लावला, किती वाजता विझवला, हवा कशी होती, हे सारे वहीत लिहायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

या कामातला मोठा भाग पुढे यंत्रांनी उचलला. सूर्य उगवला की दिवा आपोआप विझावा आणि मावळला की पेटावा अशी झडप स्वीडनच्या गुस्टाफ दालेन याने शोधून काढली. दीपगृहांसाठी आणि समुद्रातल्या तरंगत्या दिव्यांसाठी त्याने जी स्वयंचलित साधने केली, त्यांबद्दल १९१२ साली त्याला पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज तर उपग्रहामुळे जहाजाला आपली जागा बसल्या ठिकाणी कळते. आपल्याकडचा १९२७ चा दीपगृह कायदा जाऊन २०२१ साली नवा कायदा आला, त्यामागेही साधने बदलली हेच कारण आहे. पण एक गोष्ट कोणत्याही यंत्राने केलेली नाही. खारा वारा काचेवर मीठ चढवतो, लोखंड खातो, चुना पोखरतो. ते मीठ पुसायला, गंज खरवडायला आणि भिंतीतली भेग वेळेवर पाहायला माणूसच लागतो. दिवा आपोआप लागतो. निगा आपोआप होत नाही.

आता आपल्या सूचनेकडे वळतो. ती आजच का निघाली, हे उघड आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातल्या ७५ दीपगृहांतील पर्यटन-सुविधांचे लोकार्पण झाले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने पॅरिसच्या बैठकीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समूह वारसायादीत घेतला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतली जिंजी. सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग यांच्याबरोबर बेटावरचा किल्ला म्हणून खांदेरीचे नाव त्या यादीत आहे. रायगड, प्रतापगड, पन्हाळा ही नावे सर्वांच्या तोंडी होतीच. खांदेरी अनेकांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. नाव ऐकले की पाहावेसे वाटणार, पाहिले की काही करावेसे वाटणार. ही ऊर्मी चांगलीच आहे. पण ऊर्मीचा हिशेब मांडून पाहू या.

समजा आपण तीस जण गेलो. शनिवारी दुपारी थळला पोचायचे, सामान होडीत चढवायचे, खांदेरीला उतरायचे. संध्याकाळ किल्ला पाहण्यात आणि चुली-बिछान्याची सोय करण्यात जाणार. रात्री गाणी-गप्पा होणार. त्या होऊ नयेत असे मीही म्हणणार नाही. रविवारी उठून, आवरून, न्याहारी करून हाताला खराटा लागेपर्यंत आठ वाजतील. अकराच्या सुमारास ऊन चढेल. त्यानंतर जेवण आणि परतीची तयारी. म्हणजे चोवीस तासांच्या खटाटोपात काम झाले तीन तास. त्या तीन तासांसाठी तीस माणसांचे पिण्याचे पाणी आपल्याला बरोबर न्यावे लागेल. माणशी चार लिटर धरले तरी १२० लिटर झाले. स्वयंपाकाचे पाणी वेगळे. शिधा वेगळा. आणि तीस माणसांचा एका दिवसाचा कचरा व मैला यांची सोय कुठे करणार, हा प्रश्न सूचनेच्या कागदावर नाहीच. म्हणजे होडीतून आपण बेटावर जे नेणार, त्याहून अधिक केर बाहेर आणला तरच स्वच्छता झाली असे म्हणता येईल. तसा हिशेब आपण कधी केला आहे काय?

समुद्राचे वेळापत्रक आपल्या वेळापत्रकाप्रमाणे चालत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग असते. होडी केव्हा लागेल आणि केव्हा सुटेल हे तांडेल सांगणार, प्राचार्य नव्हेत. पावसाळ्यात तर जाण्याचा विचारच नको. ज्याला बेटावर काम करायचे आहे त्याने आधी तिथीचे कोष्टक पाहायला शिकले पाहिजे. आपल्या सूचनेतली तारीख मात्र परीक्षेचे वेळापत्रक पाहून ठरलेली आहे.

याहून गंभीर मुद्दा कामाच्या स्वरूपाचा आहे. 'किल्ल्याची स्वच्छता' हे शब्द निरुपद्रवी वाटतात, पण ते तसे नाहीत. तटाच्या सांध्यात पिंपळाचे रोप उगवलेले असते. उत्साही हात ते मुळासकट उपटतो आणि मुळाबरोबर आतला चुना आणि दगडही निघून येतो. जाणकार माणूस ते उपटत नाही. कापतो, मूळ जागच्या जागी मारतो आणि मग सांधा भरून घेतो. भिंतीतल्या भेगेत सिमेंट भरणे हेही असेच. जुनी बांधणी चुन्याची. चुना ओल बाहेर जाऊ देतो; सिमेंट ती कोंडून ठेवते. समुद्रकाठी त्या ओलीत मीठ असते. ओल सुकताना मिठाचे खडे दगडातच धरतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. दुरुस्ती केलेली भेग शाबूत राहते आणि शेजारचा दगड मरतो! खांदेरीवर लोखंडी गाड्यांवर बसवलेल्या तोफा आहेत. अशा गाड्यांसह तोफा आपल्याकडे क्वचितच पाहायला मिळतात. त्यांना 'चकचकीत' करावे असे कोणाला तरी वाटणारच. पण गंजात शिरलेले मीठ न काढता वरून रंग फासला तर तो गंज झाकला जातो, थांबत नाही.

हे सारे सांगायचे कारण, चांगल्या हेतूने केलेले नुकसान सर्वांत कठीण असते. ते करणाऱ्याला कोणी अडवत नाही आणि झाल्यावर कोणी बोलत नाही. खांदेरी हा महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या संरक्षणाखालचा किल्ला आहे. दीपगृहाची जबाबदारी केंद्राच्या दीपगृह खात्याची. तेव्हा बेटावर उतरायला, तिथे राहायला आणि दगडाला हात लावायला परवानगी लागते, ही केवळ कागदी अडचण समजू नये. परवानगी मागताना आपल्याला 'काय करणार?' असे विचारले जाईल. आणि त्या प्रश्नाचे नेमके उत्तर आपल्याकडे नसणे हेच आपल्या योजनेचे खरे दुबळेपण आहे.

बेट ओसाड आहे अशीही आपली समजूत दिसते. तिथे वेताळाचे देऊळ आहे. किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांची त्याच्यावर श्रद्धा आहे. ज्या बेटावर आपण 'शोध' लावल्याच्या थाटात उतरणार, ते त्यांच्या रोजच्या समुद्रातले आहे. बेटावर एक दगड आहे. त्यावर दुसऱ्या दगडाने वाजवले की धातूसारखा नाद येतो. पाहायला येणारा प्रत्येक जण तो वाजवतो. तीस जणांनी तीन तीनदा वाजवला तर नव्वद घाव झाले. असे किती शनिवार-रविवार त्या दगडाने सोसायचे? तो दगड न वाजवता त्याच्याजवळ उभे राहून, येणाऱ्या दहा जणांना 'एकाने वाजवा, नऊ जण ऐका' असे सांगणारा स्वयंसेवक मला खराटा घेतलेल्या स्वयंसेवकापेक्षा अधिक उपयोगी वाटतो.

मग मुक्कामी श्रमदान ही कल्पनाच टाकाऊ आहे का? नाही. परदेशात काही दीपगृहांनी ती मार्गी लावली आहे. अमेरिकेत न्यूपोर्ट गावाजवळ रोझ आयलंड नावाचे लहानसे बेट आहे. तिथले दीपगृह १८७० सालचे. जवळ मोठा पूल झाला, दिव्याची गरज उरली नाही आणि १९७१ साली ते बंद पडले. इमारतीची पडझड झाली. १९८४ साली स्थानिक लोकांनी संस्था काढली, इमारत हळूहळू उभी केली आणि १९९३ साली दिवा पुन्हा लावला. आज तिथे लोक मुक्कामाला जातात. पैसे भरून जातात आणि वर काम करतात! छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवलेले असते, ते जपून वापरावे लागते. काही जण आठवडाभर दीपरक्षक म्हणून राहतात आणि दीपरक्षकाची रोजची कामे करतात. यातली युक्ती अशी की मुक्काम हाच निगेचा भाग झाला आहे. पाहुणा आला म्हणून काम अडत नाही. तो आला म्हणूनच ते होते. आणि कालच्या माणसाने जिथे सोडले तिथून आजचा माणूस सुरू करतो.

दुसरे उदाहरण टास्मानियाच्या दक्षिणेकडच्या माट्सायकर बेटाचे. तिथले दीपगृह १८९१ सालचे. दिवा स्वयंचलित झाल्यावर पगारी दीपरक्षक गेले. पण घरे, वाटा, गवत आणि हवामानाच्या नोंदी राहिल्या. त्यांच्यासाठी आता स्वयंसेवक दोघादोघांच्या जोडीने काही महिने राहतात, आणि त्यांची पाळी संपली की दुसरी जोडी येते. वारा तिथे असा की उभे राहणे कठीण. तरी नोंद चुकवायची नाही. आपल्याला काही महिने जाणे शक्य नाही, हे मलाही कळते. पण या दोन्ही ठिकाणांहून घेण्यासारखी गोष्ट एकच आहे: पाळी. एका माणसाने किती केले याला तिथे महत्त्व नाही. एकाने केल्यावर दुसरा येतो की नाही, यावर सारे चालते.

आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेची सुरुवात १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी झाली. 'मी नव्हे, तुम्ही' हा तिच्या ब्रीदवाक्याचा भाव. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे एक विशेष शिबिर, अशी तिची रचना. या रचनेत रोजच्या, थोड्या थोड्या कामाला केवढी जागा दिली आहे पाहा! वर्षाला १२० तास म्हणजे आठवड्याला अडीच तासांहूनही कमी. आपण मात्र या तासांचे गाठोडे बांधून दोन-तीन मोठ्या कार्यक्रमांत ते संपवतो. कार्यक्रम झाला की छायाचित्र, छायाचित्र झाले की अहवाल, अहवाल झाला की प्रमाणपत्र. पुढच्या वर्षी नवे गाव, नवा गड, नवे फलक. मागच्या वर्षी जी झाडे लावली त्यांतली किती जगली, असे विचारणारा विद्यार्थी शिबिरात रसभंग करणारा ठरतो. सेवा ही एकदा करून टाकायची गोष्ट आहे, असा आपला समज होत चालला आहे, आणि हा समज खांदेरीच्या कोणत्याही केरापेक्षा अधिक घातक आहे.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की, 'एका रात्रीने बेट स्वच्छ होणार नाही, पण विद्यार्थ्याच्या मनात त्याबद्दल प्रेम तर उत्पन्न होईल?' होईल, हे मी मान्य करतो. बेटावर रात्र काढल्याशिवाय पाण्याची किंमत कळत नाही, अंधार कळत नाही आणि अंधारातला दिवा म्हणजे काय हेही कळत नाही. दिवसा दीपगृह ही एक इमारत असते. पण हा लाभ आपला आहे. तो घ्यावा आणि 'आम्हाला मिळाले' असे प्रांजळपणे म्हणावे. 'आम्ही दिले' असे म्हणू नये. शिवाय प्रेम उत्पन्न झाले की नाही, याची परीक्षा दुसऱ्या खेपेला होते. पहिल्या खेपेला सगळेच येतात.

दुसरा आक्षेप: 'वर्षभर पुन्हा पुन्हा कोण जाणार? अभ्यास आहे, परीक्षा आहेत, पैसे आहेत.' खरे आहे. म्हणूनच तीस जणांनी एकदा जाण्याऐवजी दहा-दहा जणांनी तीनदा जावे असे माझे म्हणणे आहे. माणसे तेवढीच, पण डिसेंबर, फेब्रुवारी आणि एप्रिल अशा तीन खेपा होतील. दहा माणसांचे पाणी-शिधा सांभाळणे सोपे, त्यांच्यावर देखरेख सोपी, आणि बेटालाही त्यांचा भार कमी. रात्री राहण्याची परवानगी मिळाली नाही तर सकाळी जाऊन संध्याकाळी यावे. काम असेल तर मुक्काम करावा. मुक्काम हवा म्हणून काम शोधू नये.

तिसरा मुद्दा कोणी उघड बोलत नाही, म्हणून मीच बोलतो तसे नव्हे; तो बोललाच पाहिजे. मुक्कामाचा बेत ठरला की नोंदवहीतली मुलींची नावे एकेक करून गळू लागतात. घरून परवानगी नाही, सोबत अध्यापिका नाहीत, स्वच्छतागृहाची सोय नाही. मग 'मुलींना जमत नाही' असा शेरा मारून आपण मोकळे होतो. ज्या कार्यक्रमातून अर्धा वर्ग आपोआप वगळला जातो, तो महाविद्यालयाचा कार्यक्रम कसा म्हणावा? दोन अध्यापिका, निवाऱ्याची वेगळी सोय आणि पालकांना आधीच दिलेली पूर्ण माहिती, एवढे नसेल तर मुक्काम कोणाचाच होऊ नये. दिवसाची खेप सर्वांची होऊ शकते.

तेव्हा माझी सूचना थोडक्यात अशी. पहिल्या खेपेपूर्वी पुरातत्त्व खात्याला आणि बेटाचा ताबा असणाऱ्यांना लिहावे, आणि 'आम्ही येतो' असे न कळवता 'आमच्याकडून कोणते काम करून घ्याल?' असे विचारावे. उत्तर येईपर्यंत दगडाला, चुन्याला, झाडाला आणि तोफेला हात लावायचा नाही. समुद्राने आणून टाकलेले आणि माणसांनी सोडलेले प्लास्टिक मात्र उचलायला हरकत नसावी. ते मोजून, पोत्यात भरून किनाऱ्यावर आणावे आणि आपण नेलेली प्रत्येक पिशवी त्यात परत यावी. थळच्या जाणत्या तांडेलांना आपण आधी महाविद्यालयात बोलवावे आणि त्यांचे ऐकावे. होडीभाड्यापुरता संबंध ठेवू नये. इतिहास विभागाने १६७९ च्या मोहिमेवर, भूगोल विभागाने भरती-ओहोटीवर एकेक तास द्यावा. या दोन तासांना जो आला तोच होडीत बसेल, असा नियम करावा.

आणि एक वही ठेवावी. ती ग्रंथालयात राहावी, कोणा एकाच्या घरी नव्हे. कोणत्या बुरुजाजवळ काय पाहिले, कोणती भेग मागच्या खेपेपेक्षा रुंद दिसली, किती पोती आणली, पाणी किती उरले, कोणत्या वाटेवर पाय घसरतो, हे तीत लिहावे. प्रत्येक खेपेत मागच्या खेपेतले निदान तीन जण असावेत, म्हणजे शिकलेले वाया जाणार नाही. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी तिसऱ्या वर्षापर्यंत चार-पाच खेपा करील आणि जाताना वही पुढच्याच्या हाती देईल. पाच वर्षांनी त्या वहीत जे असेल, ते कदाचित पुरातत्त्व खात्यालाही वाचावेसे वाटेल. अशी नोंद करायला अभियंता असावे लागत नाही. कला शाखेच्या विद्यार्थ्याला नीट पाहता आणि नीट लिहिता येते, अशी निदान आपली समजूत आहे. ती खरी ठरवायची ही संधी आहे.

यात शौर्य नाही, हे मला ठाऊक आहे. छायाचित्रात वही चांगली दिसत नाही. पण मायनाक भंडाऱ्याच्या माणसांना धान्य पोचवणाऱ्या होड्यांतही शौर्य दिसले नसेल, अंधारात दिसणार तरी काय? आणि दीपगृहाची वजने रात्रभर ओढणाऱ्या माणसालाही कोणी टाळ्या वाजवल्या नसतील. खांदेरी उभी राहिली आणि तिच्यावरचा दिवा चालू राहिला तो अशा माणसांमुळे. त्यांच्या बेटावर जायचे तर त्यांच्या रीतीने जावे.

विद्यार्थी मित्रहो, नावे नोंदवण्याचे काम अजून चालू आहे. प्रभारी प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे की नोंदवहीत नाव, वर्ग आणि पालकांची सही या रकान्यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा, आणि त्यावर लिहावे: 'पुढच्या खेपेला येणार का?' ज्याचे उत्तर होकारार्थी असेल त्याला आधी होडीत बसवावे. उरलेल्यांसाठी महाविद्यालयाने खुशाल एक चांगली सहल काढावी.